चेन वाजली की तवा

हौसरावांच्या फियाटचा आवाज मांडवगण फराट्यात सगळ्यांच्या ओळखीचा होता, पण तो कळायचा एकट्या सोजरबाईला. गावाच्या लेखी ती नुसती खडखड. ‘आली हौसरावची गिरणी’ म्हणून पोरं मोकळी व्हायची. सोजरबाईला मात्र त्या खडखडीतलं एकेक वेगळं काढून ऐकू यायचं. सैल बंपरची कुरकुर, मागच्या दाराची थडथड, आणि ह्या सगळ्याच्या खालून, इंजिनाच्या पोटातून येणारी एक बारीक, न थांबणारी खळखळ. बंपर आणि दार कुठल्याही जुन्या गाडीचं वाजतं. ती खळखळ मात्र फक्त त्यांच्याच फियाटची होती.

घर गावाबाहेर, वस्तीवर. मध्ये ओढा, ओढ्यावर पूल. गाडी पुलावर आली की हौसराव गिअर बदलायचे आणि खळखळ एकदम मोठी व्हायची. ती कानावर आली, की सोजरबाई हातातलं काम टाकून चुलीशी बसायची. तवा चढवायचा, पीठ मळायचं, थापायचं. हौसराव वळसा घालून, वस्तीवरच्या कोंबड्या चुकवून, गाडी कडुनिंबाखाली लावून, हातपाय धुऊन आत येईपर्यंत पहिली भाकरी टम्म फुगलेली असायची.

त्यांच्या येण्याला काही वेळ-काळ नव्हता. सकाळी गावची माणसं दौंडच्या स्टेशनावर सोडायची, तिथून कुरकुंभच्या कंपन्यांतले लोक शिफ्टला पोहोचवायचे, मग जे भाडं मिळेल ते घ्यायचं. कधी दुपारी येत, कधी उन्हं कलल्यावर. भाकरी मात्र कायम गरम. हौसरावांना ह्यामागचं काही ठाऊक नव्हतं. आपल्या बायकोला आतून कळतं, असा त्यांचा पक्का समज होता, आणि हा समज त्यांनी मनात ठेवला असता तर ते हौसराव कसले? दौंडच्या स्टँडवर चहा पिता पिता ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला ऐकवायचे.

‘‘घरात फोन न्हाई, काय न्हाई. मी कवाबी जाऊ द्या, भाकरी तव्यावर! तिला आतनं कळतं, आतनं.’’

ही बढाई फिरत फिरत सोजरबाईच्या कानावर आली होती. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती पदर तोंडाला लावून हसली. सांगून टाकावं, असंही वाटलं. मग वाटलं, राहू दे. एवढ्या मोठ्या माणसाला वाटतंय आपल्या बायकोत काहीतरी आहे, तर कशाला त्याचा हिरमोड करा? आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. तिच्याकडे मिरवायला दुसरं होतं काय? ना अंगावर दागिना, ना हातात शिक्षण. आतून कळणारी बायको, एवढा एकच मान तिला मिळाला होता आणि तो तिनं जपून ठेवला होता.

त्याच्या आधीचे दिवस ती विसरली नव्हती. लग्नानंतर हौसराव बरीच वर्षं ट्रकवर होते. गेलेला माणूस कधी येईल त्याचा पत्ता नसायचा. भाकऱ्या करून ठेवायच्या, त्या वाळायच्या, कुस्करून कोंबड्यांना घालायच्या, पुन्हा करायच्या. रस्त्यावर बघून बघून डोळे शिणायचे. मग हौसरावांनी ट्रक सोडला आणि दौंडच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. पुढं काचेपाशी बुद्धाची छोटी मूर्ती बसवली, बाजूला बाबासाहेबांचा फोटो लावला आणि गाडी दारात आणून उभी केली. तेव्हापासून सोजरबाईचं वाट बघणं संपलं. आता नुसतं ऐकायचं होतं.

हे सगळं असं सुरळीत चाललं असताना, एका रविवारी हेन्री जेवायला आला.

हेन्री शिरूरचा. जुन्या मिशनच्या आवाराला लागून त्याचं गॅरेज होतं. तरुणपणी तो आणि हौसराव एकाच ट्रकवर क्लीनर होते, म्हणून दोघांत अरे-तुरे. फियाटला हेन्रीशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागलेला हौसरावांना चालायचा नाही. हेन्रीची एक पद्धत होती. गाडीतून काढलेला जुना माल तो कधी स्वतःकडे ठेवायचा नाही, आणि गाडीमालकाच्याही हातात द्यायचा नाही. तो माल रॉकेलनं धुऊन, फडक्यात बांधून घरच्या बाईच्या हाती द्यायचा. ‘‘घरातल्या बाईला कळाया पाहिजे, काय गेलं आन् काय आलं,’’ असं म्हणायचा. सोजरबाईच्या माळ्यावर असल्या धुतलेल्या मालाचं एक गाठोडंच झालं होतं.

रविवारी चर्चहून आल्यावर हेन्री पान्याला हात लावायचा नाही. पण ऐकणं हे काही काम नव्हे, असं त्यानं स्वतःच ठरवलेलं होतं. त्यानं हौसरावांना गाडी चालू करायला लावली, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाच्या पुढच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

‘‘हौसा, चेन संपली तुझी,’’ डोळे न उघडताच तो म्हणाला.

जेवताना त्यानं सगळं समजावून सांगितलं. इंजिनात खाली एक चाक असतं आणि वर एक. खालच्याच्या तालावर पिस्टन, वरच्याच्या तालावर व्हॉल्व. दोघांचा मेळ राखायला मध्ये ही टायमिंग चेन. फियाटची चेन झिजून लांबली होती आणि झाकणाला आतून घासत होती.

‘‘त्याचाच ह्यो खळखळाट,’’ हेन्री म्हणाला. ‘‘नव्या मारुतीला चेन नसती, रबरी पट्टा असतो. लई गुणाचा, आवाज करत न्हाई. आन् एक दिस न बोलता तुटतो. त्यापरीस आपली चेन बरी, आधी बोंब तरी मारती. पर ती बोंब मारती तवा ऐकाया पाहिजे.’’

वाढता वाढता सोजरबाईचा हात थांबला. ‘‘नवी टाकल्यावर वाजत न्हाई व्हय, भाऊजी?’’

‘‘नाव नगा काढू, वैनी! दारात गाडी येऊन उभी ऱ्हाईली तरी तुम्हाला कळायचं न्हाई.’’

बिचारा हेन्री हे वरदान दिल्यासारखं म्हणाला. सोजरबाईनं त्याच्या ताटात मीठ वाढलं, जे आधीच वाढलेलं होतं.

‘‘वाजती तर वाजू द्या की,’’ ती म्हणाली. ‘‘माझी काय तक्रार न्हाई.’’

‘‘बघ, कशी समजूतदार हाय,’’ हौसराव कौतुकानं म्हणाले आणि पुढच्याच पुण्याच्या भाड्याला गेले तेव्हा नवी चेन घेऊन आले. तेलकट कागदात गुंडाळलेला जड पुडा त्यांनी फळीवर ठेवला. हेन्री सोमवारी येऊन इथंच, कडुनिंबाखाली, चेन बसवणार होता.

त्या पुड्यानं सोजरबाईची झोप उडवली. स्वयंपाक करताना तिचं लक्ष फळीकडं, झाडताना फळीकडं. सोमवारनंतर गाडी गपचूप येणार. हौसराव दारात उभे राहणार आणि चूल थंड असणार. मग काय, दोन दिवस हौसराव काही बोलायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांच्या ध्यानात येईल, की हिला आतून काही कळत नाही, ही आपली चारचौघींसारखी बायको. आणि ते जाऊ दे. पण पुन्हा ते रस्त्याकडं बघत बसणं? आता ह्या वयात? नको गं बाई.

सोमवारी सकाळी हौसराव अंघोळीला गेलेले असताना तिनं पुडा उचलला, बाजरीच्या कणगीत पार कोपरापर्यंत हात घालून खाली दडपला आणि वरची बाजरी सारखी केली. पुढं काय करायचं ह्याचा विचार तिनं केला नव्हता. एक सोमवार टळला तरी पुष्कळ, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

थोड्या वेळानं हेन्री पाने-बिने घेऊन आला आणि घरात जी शोधाशोध सुरू झाली, ती विचारू नका. हौसरावांनी फळी रिकामी केली, अंथरुणं झटकली, कोंबड्यांचं खुराडं पाहिलं. शेजारच्या पोपटला उलटसुलट विचारून झालं. ‘‘मांजरानं नेली असंल,’’ असंही म्हणाले.

‘‘चेन खाणारं मांजर असंल तर मला दाखव,’’ हेन्री म्हणाला. ‘‘मी त्याला गॅरेजात कामाला ठिवतो.’’

सोजरबाईही शोधत होती. जिथं नाही हे तिला ठाऊक होतं, तिथं तिथं ती फार मन लावून शोधत होती. शेवटी दमून तिनं दोघांना चहा दिला. कप घेताना हेन्रीची नजर तिच्या हातावर गेली. कोपराच्या घडीत बाजरीचा भुसा होता आणि दोन बांगड्यांच्या मधे एक दाणा अडकून बसला होता. हेन्रीनं कणगीकडं पाहिलं, सोजरबाईकडं पाहिलं आणि चहा फुंकून प्यायला. निघताना हौसराव गाडीकडं गेल्यावर तो हळूच म्हणाला, ‘‘वैनी, काय कारण असंल ते असंल, मी इचारत न्हाई. पर चेन तुटायच्या आधी बोलती, ते बोलून झालंया तिचं. आता जेवढी मोठ्यानं वाजंल, तेवढी तुटायला आली समजा.’’

सांगून टाकावं म्हणून सोजरबाईनं तोंड उघडलं. पण हौसराव परत आले, हेन्री गेला आणि सांगायचं राहून गेलं. एकदा राहिलं की दुसऱ्या दिवशी ते जास्तच अवघड होऊन बसतं.

पुढचे काही दिवस तर तिला चेनीनं फितवलंच. खळखळ वाढली. पूर्वी ती पुलावर आल्यावर ऐकू यायची, आता पुलापलीकडच्या शाळेपासून यायला लागली. भाकरीला भरपूर वेळ मिळू लागला. हौसराव हात धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी भाजून दुसरी तव्यावर असायची. ‘‘आता तर लईच लवकर कळाया लागलंय तुला,’’ हौसराव म्हणाले. ती हसली. मग आवाज शाळेच्याही पलीकडून, पार उसाच्या फडामागून यायला लागला. एके दिवशी हौसराव आत आले तेव्हा तीन भाकऱ्या होऊन चौथी परातीत थापलेली होती. सोजरबाईनं त्या चळतीकडं पाहिलं आणि मनाशी हिशेब मांडला. एवढा वेळ मिळतोय, म्हणजे आवाज एवढा वाढलाय. आवाज एवढा वाढलाय, म्हणजे चेन आता तुटायला आली आहे. हेन्री म्हणत होता ते हेच.

उद्या सांगायचं, असं तिनं ठरवलं. काय बोलायचं तेही मनाशी जुळवलं.

दुसऱ्या दिवशी हौसराव जाताना म्हणाले, ‘‘आज दुपारच्याला घरीच हाय. भरीत कर वांग्याचं.’’

तिनं भरीत केलं. पीठ काढून ठेवलं. ऊन अंगणातून ओट्यावर आलं, ओट्यावरून खाली उतरलं. शाळेकडून काही नाही. फडाकडून काही नाही. उसाचे दिवस, रस्त्यानं ट्रक जात होते, ट्रॅक्टर जात होते, त्यांचे आवाज येत होते. तिनं तवा चढवला, उतरवला. पुन्हा चढवला, पुन्हा उतरवला. इतकी वर्षं तिच्या कानानं तिला दगा दिला नव्हता आणि आता त्या कानात नुसतं भणाणत होतं. ‘मी मारलं,’ असं तिच्या मनात आलं. एकदा आलं ते जाईना.

ती उठली. कणगीत हात घातला, पुडा उपसून काढला, पदरात बांधला आणि दार नुसतं लोटून चालायला लागली. पूल ओलांडला, शाळा ओलांडली. फडात तोड चालली होती. तिथल्या बायकांनी विचारलं, ‘‘कुठं निघालीस गं सोजर?’’ तिनं ऐकलं नाही. पुढून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरकडं ती बघत होती, जणू त्याच्या चेहऱ्यावरून काही कळणार होतं.

नदीकडच्या वळणावर तिला ते दिसलं. पाटसच्या कारखान्यावर ऊस टाकून रिकामी परतणारी एक टायरगाडी, तिचे दोन बैल, वर बसलेला तोडणीवाला आणि त्याची बायको, आणि गाडीच्या मागं दोराला बांधून हळूहळू येणारी पांढरी फियाट. आत स्टेअरिंग धरून, पडलेल्या तोंडानं बसलेले हौसराव. इंजिन गप. बंपरसुद्धा कुरकुरत नव्हतं.

सोजरबाई रस्त्यात मधोमध जाऊन उभी राहिली. बैल थांबले. हौसराव दार उघडून धावत आले.

‘‘तू? हितं कशी? घरी काय झालं का?’’

‘‘तुम्हाला लागलं का कुठं?’’

‘‘मला काय धाड भरलीया? चेननं दात सोडलं. फाट करून आवाज काढला आन् बंद. मागनं ट्रक येत व्हता, पर त्यानं काढला बाजूनं. निभावलं.’’ मग ते कपाळावर हात मारून म्हणाले, ‘‘ती नवी चेन घावली असती तर ही येळ आली नसती बघ.’’

सोजरबाईनं पदराची गाठ सोडली आणि पुडा पुढं केला. तेलकट कागदाला सगळीकडून बाजरीचे दाणे चिकटले होते.

‘‘घावली? कुठं व्हती?’’

‘‘घावली न्हाई. मीच ठिवली व्हती. कणगीत.’’

हौसराव पुड्याकडं बघत राहिले. ‘‘का गं?’’ एवढंच म्हणाले. ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं.

‘‘मला आतनं काय सुदिक कळत न्हाई,’’ सोजरबाई म्हणाली. टायरगाडीवरची बाई ऐकतेय ह्याचीही तिला पर्वा राहिली नव्हती. ‘‘कवाच कळलं न्हाई. पुलावर चेन वाजायची, मग मी तवा चढवायची. तुम्ही आपलं सगळ्या दौंडाला सांगत सुटला, आतनं कळतं, आतनं कळतं. ती नवी बसली आन् गाडी गप झाली, तर तुम्ही आलेलं मला कळायचं कसं? पुन्यांदा रस्त्याकडं बघत बसू का, ट्रकवर व्हता तवाच्यावानी?’’

हौसरावांनी फियाटच्या बॉनेटकडं पाहिलं, मग बायकोकडं.

‘‘म्हंजी एवढी वर्सं तू कान लावून बसायचीस? रोज?’’

‘‘बसायला सवड कुठं व्हती? कामं करायची. कान काय, त्यो आपला लागलेलाच.’’

हौसरावांनी गळ्यातला रुमाल काढून तोंड पुसलं आणि ते पुसणं जरा जास्तच वेळ चाललं. टायरगाडीवरची बाई म्हणाली, ‘‘भाऊ, निघायचं का? बैलं ताटकळली.’’

‘‘बस गाडीत,’’ हौसराव सोजरबाईला म्हणाले.

ती पुढं त्यांच्या शेजारी बसली. मांडीवर चेनीचा पुडा. बैलांच्या चालीनं फियाट घराकडं निघाली. इंजिन गप असल्यामुळं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आत येत होता. पुलावर आल्यावर हौसराव म्हणाले, ‘‘भरीत केलंयस का?’’ आणि सोजरबाईला रडू फुटलं. केलं होतं की.

हेन्री आला. त्यानं रेडिएटर उतरवला, पुढचं झाकण काढलं आणि मुद्दाम सोजरबाईला बोलावून आतलं दाखवलं. काळ्या तेलात बसलेली दोन दातेरी चाकं, एक मोठं, एक लहान. दोघांवर बारीक खुणा. त्या खुणा समोरासमोर आणायच्या आणि मगच साखळी चढवायची.

‘‘खालचं दोन फेरं मारतं तवा वरचं एक मारतं,’’ हेन्री म्हणाला.

‘‘आमच्या घरात बी असंच हाय,’’ हौसराव म्हणाले.

‘‘खालचं चाक कोण, ते बी सांगा की भाऊजींना,’’ सोजरबाई म्हणाली, आणि हेन्री इतका हसला, की त्याच्या हातातला नट तेलाच्या थाळीत पडला.

कणगीबद्दल त्यानं चकार शब्द काढला नाही. काम झाल्यावर जुनी चेन रॉकेलनं धुतली, फडक्यात बांधली आणि पद्धतीप्रमाणं सोजरबाईच्या हातात दिली. गाडी चालू केली. इंजिन असं गुळगुळीत चाललं, की हौसरावांनी दोनदा चावी फिरवून बघितली, चालू आहे की नाही.

व्हायचं तेच झालं. पहिल्या दिवशी हौसराव दारात येऊन उभे राहिले तेव्हा सोजरबाई मागं शेण थापत होती. हात धुऊन ती पळत आली, चूल फुंकायला लागली, धुरानं डोळ्यांत पाणी आलं. हौसराव उंबऱ्यावर बसून राहिले. ‘‘सावकाश कर, मला काय घाई न्हाई,’’ असं म्हणत राहिले, आणि भूक लागलेला माणूस सावकाश म्हणतो तेव्हा बायकोला किती लागतं ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी निघताना हौसरावांनी ते फडकं मागून घेतलं.

‘‘जुनी चेन मी गाडीत टांगतो,’’ ते म्हणाले. ‘‘पुलावर आलो की खिडकीतनं हात काढून वाजवीन. तुला ऐकू यील. भोंगा वाजवला तर सारं गाव ऐकतं, ह्यो आपला दोघांचा आवाज.’’

ही युक्ती त्यांना इतकी आवडली होती, की सोजरबाईला नाही म्हणवेना. त्या दिवशी ती दुपारपासून कान देऊन बसली. काही ऐकू आलं नाही. गाडीच दारात आली. ‘‘आला का आवाज?’’ हौसरावांनी खिडकीतूनच विचारलं. हातात चेन होती, तोंडभर हसू होतं.

‘‘आला तर!’’ सोजरबाई म्हणाली. ‘‘आत्ता तवा चढवणार व्हते.’’

हातभर साखळी ती, पुलावरून वस्तीवर तिचा आवाज कसला पोहोचतोय? पण असं म्हटल्यावर तिला आता उपाय शोधणं भाग होतं. तो तिला सापडला. घराच्या पुढं शेताचा बांध होता, बांधावर वेडी बाभूळ. तिच्या आडून पूल नीट दिसायचा. उन्हं तापली की सोजरबाई कामं आवरून बाभळीमागं जाऊन उभी राहायची. फियाट पुलावर दिसली, की पदर खोचून घराकडं पळत सुटायची आणि तवा चढवायची. हौसराव आत येईपर्यंत भाकरी फुगलेली. ‘‘आला आवाज?’’ ‘‘आला की.’’ रस्त्याकडं बघत बसायचं नाही असं ती म्हणाली होती खरी, पण हे बघणं तसं नव्हतं. ट्रकच्या दिवसांत तो माणूस कुठं आहे ते तिला ठाऊक नसायचं. आता तो पुलावर आपल्यासाठी चेन वाजवणार आहे, हे ठाऊक असायचं. ह्या बघण्याला ती कंटाळली नाही. दौंडच्या स्टँडवर मात्र हौसरावांनी आतून कळायची गोष्ट बंद केली होती, आणि का बंद केली ते कुणाला सांगितलं नव्हतं. हौसरावांनी पोटात ठेवलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट.

पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या लेकीला, गौतमीला, मुलगा झाला. ती दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिलेली. नाव ठेवायच्या कार्यक्रमाला दोघं फियाटनं गेले. नातवाचं नाव सम्राट ठेवलं. त्रिशरण-पंचशील झालं, गोडाचं जेवण झालं आणि उन्हं कलताना ते परत निघाले. सोजरबाई पुढं बसली होती, नातवाच्या नाकाबद्दल बोलत होती. गाडी पुलावर आली. हौसरावांनी गिअर बदलला, डाव्या हातानं टांगलेली चेन काढून उजव्या हातात घेतली, तो हात खिडकीबाहेर काढला आणि चेन जोरजोरात हलवली.

‘‘अवं, मी हितंच हाय की!’’ सोजरबाई म्हणाली.

हौसरावांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं. ‘‘सवय,’’ ते ओशाळून म्हणाले.

हसत हसत सोजरबाईनं समोर पाहिलं, आणि तिचं हसू थांबलं. पुलावरून तिचा बांध दिसत होता. सगळाच्या सगळा. शेळ्यांनी ओरबाडून बाभळीचा नुसता सांगाडा झाला होता. तिच्यामागं पोपटची शेळी बांधलेली होती आणि त्या शेळीच्या गळ्यातली दोरीसुद्धा इथून स्पष्ट दिसत होती. बांधापासून घरापर्यंत, गवत तुडवून पडलेली एक पायवाटही दिसत होती. ती वाट कुणाच्या पळण्यानं पडली होती, ते सांगायची गरज नव्हती.

‘‘हितनं आपला बांध दिसतो व्हय?’’ तिनं विचारलं.

‘‘दिसतो की.’’

‘‘कवापासनं?’’

‘‘बांध हाय तिथंच हाय, पहिल्यापासनं.’’

सोजरबाईचे कान गरम झाले. रोज पदर खोचून पळणारी ती, आणि इथून बघणारा हा माणूस. आणि वर ‘आला का आवाज’ म्हणून विचारायचा.

‘‘मंग चेन कशापायी हलवायचा?’’ ती म्हणाली. ‘‘तिथवर येत न्हाई आवाज. कवाच आला न्हाई.’’

‘‘ठावं हाय मला.’’ हौसरावांनी गाडी पुलावरच हळू केली. ‘‘तू एवढ्या उन्हात बांधावर येऊन उभी ऱ्हातीस. म्या नुसतंच गाडी चालवत यायचं व्हय? मला बी कायतरी कराया नगं?’’

सोजरबाईनं त्यांच्या हातातली चेन काढून घेतली, आपल्या बाजूची काच खाली केली, हात बाहेर काढला आणि हलवायला लागली. घरी ऐकायला कुणी नव्हतं, तरी पूल संपेपर्यंत ती चेन वाजवत राहिली.